'घड जिरला' हे कुठे लिहायचं?

जागतिकीकरणानं बोली मारल्या, असं विधान आपण फार सहज करतो. आज निफाडच्या द्राक्षबागेत ते तपासून पाहू.

बागेत कान दिला तर 'डिपिंग', 'ब्रिक्स', 'रेसिड्यू', 'कंटेनर' हे शब्द सारखे ऐकू येतात. निर्यातीनं ते आणले. पण त्यांच्याच शेजारी 'खरड छाटणी' आहे. जादा फूट खुडणं म्हणजे 'फेल काढणं'. कोवळा घड वाढलाच नाही, तर 'घड जिरला'. मणी मऊ पडून गोडी धरू लागला, की 'पाणी उतरलं'. आणि 'डिपिंग केलं', 'रेसिड्यू निघाला' यांत नाम परकं असलं तरी क्रियापद आपलंच. उसन्या नामांनी बोली मरत नाही. 'बाग' हा शब्दसुद्धा फारसीच की!

मग धोका कुठे आहे? कागदावर. निर्यातीच्या बागेची नोंद अपेडाच्या ग्रेपनेटवर होते, औषधांच्या अंशांची मर्यादा युरोपात ठरते. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षं तिकडे अडकली. माल अडवणारा आकडा आणि त्याची भाषा, दोन्ही बाहेरची. शेतकऱ्यानं त्यांचे शब्द उचलले. त्याच्या शब्दाला मात्र त्या कागदावर रकाना नाही.

पण सगळं खापर जगावर फोडणं सोयीचं आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म याच निफाडचा, 1842 चा. मराठी ग्रंथकारांना एकत्र आणण्यात त्यांचा पुढाकार होता. 1885 च्या ग्रंथकार सभेचं आमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारलं. जे कष्टकऱ्यांचे हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचं जुळणार नाही, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे कंटेनर यायच्या शंभरएक वर्षं आधीच शेतातला माणूस ग्रंथांच्या दाराबाहेर होता, आणि त्याच्याबरोबर त्याची बोलीही.

आजही बागायतदाराच्या मुलीनं निबंधात 'फेल काढली' लिहिलं, तर आपल्यापैकी किती जण लाल रेघ ओढणार नाहीत? तिथे कुठला युरोप आडवा येतो? ज्या शब्दावर घरादाराचं वर्ष तोललं जातं, तो अशुद्ध कसा? निर्यातीची नियमपत्रकं मराठीत आणायची तर बागायतदारांसोबत बसून आणावीत, त्यांच्याच शब्दांत. आणि आपण अभ्यासकांनी आधी ती लाल रेघ थांबवावी.