हजेरीपटावर नसलेली मुले

इटलीत फ्लॉरेन्सच्या उत्तरेला डोंगरात बार्बियाना ही वस्ती आहे. तेथे धर्मगुरू लोरेन्झो मिलानी यांनी चालविलेल्या शाळेतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले ‘एका शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुस्तकाचे बळ त्यातील रागापेक्षा मोजणीत आहे. बाई वर्गातील मुले मोजतात. गळालेली त्यात नसतातच. या मुलांनी एकेका तुकडीचा वर्षानुवर्षे माग घेतला, नापास होणाऱ्यांचे पालक काय काम करतात हेही तपासले. या आकडेवारीला इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने पारितोषिक दिले.

उपाय तीन सुचविले आहेत: नापास करू नका, मागे पडणाऱ्यांना दिवसभराची शाळा द्या, कंटाळलेल्यांना शिकण्याचे उद्दिष्ट द्या. मात्र बाईंना दोष देताना त्यांच्या मदतीला कोणी यावे, हे पुस्तक पुरेसे सांगत नाही. बार्बियानात मोठी मुले लहानांना शिकवीत, शाळेला सुट्टी नसे. पण सारा डोलारा एका माणसाच्या जिद्दीवर उभा होता.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिला उपाय उचलला. उरलेल्या दोहोंसाठी लागणारा वेळ व माणसे पुरेशी दिली नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. औषधाची एक मात्रा देऊन औषधालाच नावे ठेवण्यासारखे हे झाले.

पुस्तक जरूर वाचा. मग आपल्या शाळेचा पहिलीचा जुना हजेरीपट काढून आठवीच्या पटाशी ताडून पाहा. जी नावे सापडणार नाहीत, त्यांच्या घरापासून सुरुवात करता येईल.