जंबू काका आणि मिकी माऊस : व्यंगपटातील प्राणिपात्रांच्या कीर्तीची एक चिकित्सा

स्वारगेट एस.टी. स्थानकाच्या परिसरात फुगे, दप्तरे, पाण्याच्या बाटल्या यांवर मिकी माऊसचे दोन गोल कान सहज दृष्टीस पडतात. त्या मुलांपैकी बहुतेकांनी १९२८ चा 'स्टीमबोट विली' पाहिलेला नसतो. याच पुणे शहरात १९३४-३५ च्या सुमारास प्रभात फिल्म कंपनीने 'जंबू काका' हा व्यंगपट निर्माण केला होता, ही गोष्ट मात्र चित्रपटाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी कोणास ठाऊक नाही.

या विस्मृतीचे कारण तंत्राच्या अभावात शोधण्याची प्रथा आहे. ती पटण्याजोगी नाही. रघुनाथ केळकर यांनी हाताने चित्रे काढून हा कोल्हा चालता-बोलता केला. मोहन भवनानी यांचा 'लफंगा लंगूर' १९३५ चा. शिवाय जंबूक हा आपल्याकडे उपरा नव्हे. पंचतंत्रातील करटक-दमनकांपासून आजीच्या गोष्टीतील कोल्होबापर्यंत त्याची वंशावळ सलग आहे. 'काका' या संबोधनाने तर तो थेट घरातच येतो. व्यक्तिरेखा म्हणून त्याची बीजे मिकीपेक्षा सकस होती, असेच म्हणावे लागेल.

उणीव होती ती पुनरावृत्तीची. ऑस्वाल्ड या सशाचे हक्क १९२८ मध्ये वितरकाकडे राहिल्यावर वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी मिकी घडविला. त्याचा जन्मच मुळी मालकीच्या धड्यातून झाला. १९३० पासून वृत्तपत्रांतील दैनिक चित्रमालिका आणि १९३३ मध्ये मनगटी घड्याळ आले. चित्रपटगृहाबाहेर पात्र रोज भेटत राहिले. मिकीची कीर्ती ही कलेइतकीच, किंबहुना अधिक, वितरणाची निर्मिती होय.

प्रभातचे बळ बोलपटांत गुंतलेले होते. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम' यांच्या तुलनेत एक लघुपट ही हौसच ठरली (आणि समीक्षकांनीही तिला हौसच मानले). जंबू काकांना ना मालिका लाभली, ना मुलांच्या मासिकात जागा. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली. १९६० पासून त्याच आवारात चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. तरीही महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत मराठी चित्रपटाचा इतिहास शिकविताना या कोल्ह्याचा उल्लेख क्वचितच होतो. 'स्टीमबोट विली'वरील अमेरिकेतील स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपुष्टात आले, तेव्हा मात्र त्याची दखल येथील वृत्तपत्रांनीही घेतली.