शिंगे, पंख आणि हेझल

ब्रायन के. वॉन यांनी लिहिलेली आणि फिओना स्टेपल्स यांनी चितारलेली 'सागा' ही चित्रकथामालिका अमेरिकेत २०१२ साली सुरू झाली. ती उशिराने वाचायला घेणाऱ्याला प्रथम आठवते ती आपली दास्तान. अमीर हमजाच्या दास्तानीत परीशी विवाह आहे, त्यांची मुलगी कुरैशा आहे आणि अकबराने ती दास्तान शेकडो चित्रांत उतरवून घेतली होती. माणूस आणि परी यांचा संसार आपल्या कानांना नवा नाही.

लँडफॉल हा ग्रह आणि रीथ हा त्याचा चंद्र. लँडफॉलवासीयांना पंख, रीथवासीयांना शिंगे. दोघांचे वैर जुने. मात्र एक नष्ट झाला तर दुसराही कक्षेतून भरकटेल, म्हणून दोघांनी युद्ध परक्या ग्रहांवर नेले आहे. मरतात ते तिथले लोक. अशा युद्धात पंखांची पहारेकरीण अलाना आणि शिंगांचा कैदी मार्को एका प्रेमकादंबरीमुळे जवळ येतात, पळतात, निकाहबद्ध म्हणावे तसे एकमेकांचे होतात. त्यांच्या हेझलला शिंगेही आहेत आणि पंखही. दोन्ही सत्तांना ही मुलगी नको आहे; कारण तिचे असणे हाच वैराच्या प्रचाराला जबाब आहे.

अद्भुताची येथे लयलूट आहे. जिवंत झाडाचे अंतराळयान आहे, टीव्हीच्या डोक्याचा राजपुत्र आहे, खोटे बोलणाऱ्याला जागेवरच पकडणारी मांजर आहे. पण लक्षात राहते ती इझाबेल. सुरुंगाने कमरेखालचे शरीर गमावलेल्या या मुलीचे भूत हेझलला सांभाळते. विनोद करते, अंगाई गाते. युद्ध कुणाच्या अंगणात लढले गेले, हे तिच्याकडे पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही.

मालिकेचे खरे बळ निवेदनात आहे. कथा सांगते मोठी झालेली हेझल. तिचे शब्द चौकटीत न बसता स्टेपल्स यांच्या हस्ताक्षरात थेट चित्रावर उमटतात. ती जगणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. प्रश्न एवढाच उरतो की, त्याची किंमत कोण मोजणार? ५४व्या अंकात, २०१८ साली, मार्को मारला जातो. त्यानंतर २०२२पर्यंत मालिका थांबली होती.

दोष आहेत. नग्नता आणि रक्तपात सढळ आहे; मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये. मधली भटकंतीही काही ठिकाणी सैल होते.

तरीही आपल्या वाचकाने ती जरूर वाचावी. 'यातले आपण कोण, शिंगवाले की पंखवाले?' हा शोध मात्र घेऊ नये. मालिका त्याला थारा देत नाही. आपल्याकडे आंतरधर्मीय विवाहावर नातेवाईक बोलतात, पुढारी बोलतात, दोन्हीकडचे धर्ममार्तंड बोलतात. त्या घरात जन्मलेल्या लेकराला कुणी विचारत नाही. 'सागा'त तेच लेकरू बोलते, आणि मोठ्यांना ऐकावे लागते.