लयीचा खेळ आणि हरवलेली सम

या मासिकाच्या पृष्ठांवर काव्य, नाटक व कादंबरी यांची चर्चा वाचण्याची ज्यांना संवय आहे, त्यांना प्रस्तुत लेखाचा विषय पाहून थोडें आश्चर्य वाटेल. संगणकाच्या पडद्यासमोर बसून बोटांनीं खेळावयाचा खेळ हा टीकेचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कांहीं काळापूर्वीं आम्हीही घेतली असती. परंतु ज्या कृतीला स्वतःचें असें रूप आहे, जिचे नियम ठरलेले आहेत आणि जी मनुष्याच्या मनावर व शरीरावर परिणाम घडविते, तिची परीक्षा टीकाकारानें टाळूं नये, असें आमचें मत आहे. शिवाय हा विषय आम्ही शोधीत गेलों नाहीं. तो आमच्या घरांतच येऊन उभा राहिला.

खेळाचें नांव 'ओसू!'. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनीं तो २००७ सालीं प्रसिद्ध केला. त्याचे चार प्रकार आहेत. त्यांतील 'तायको' हा प्रकार नाम्को या जपानी कंपनीच्या २००१ सालच्या 'तायको नो तात्सुजिन' या खेळाच्या धर्तीवर आहे. तायको म्हणजे जपानी ढोल. गाणें सुरू होतें आणि पडद्यावर उजवीकडून डावीकडे तांबडे व निळे गोल सरकत येऊं लागतात. तांबडा गोल नेमक्या जागीं पोंचला कीं ढोलाच्या तोंडावर आघात करावयाचा, निळा पोंचला कीं कडेवर. 'ओसू!' मध्यें ढोलही नसतो. कळफलकावरील चार कळा असतात, मधल्या दोन तांबड्यासाठीं आणि बाहेरच्या दोन निळ्यासाठीं. आघात वेळेवर पडला तर पूर्ण गुण, किंचित् मागेंपुढें झाला तर अर्धे, अधिक चुकला तर शून्य. न चुकतां ओळीनें पडलेल्या आघातांची एक सांखळी मोजली जाते. तिला 'कॉम्बो' म्हणतात. चारशें आघात बरोबर पडून चारशें एकावा चुकला, कीं ती सांखळी पुन्हां शून्यावर येते. या सर्वांचा निकाल दोन दशांश स्थळांपर्यंतच्या शेंकडेवारीनें खेळाडूच्या तोंडावर फेंकला जातो.

राजापूर तालुक्यांतील नाटे हें आमचें गांव. खाडीवर यशवंतगडाचे तट उभे आहेत, आणि गणपतीच्या दिवसांत आजही वाडीवाडींतून आरत्या, भजनें आणि जाखडी यांचा गजर चालतो. आमचा सतरा वर्षांचा पुतण्या तेथेंच वाढला. सहाव्या-सातव्या वर्षापासून त्याच्या हातीं झांजा आहेत. आरतीची लय चढूं लागली कीं मोठ्यांचे हात मागें पडत, पण याचे पडत नसत. अशा मुलाला हा खेळ आवडावा यांत नवल नाहीं. वर्षभरांत तो शेंकडा सत्त्याण्णवपर्यंत पोंचला होता. मग एका श्रावणांत, कांहीं कारण नसतां, त्याची शेंकडेवारी एकाएकीं नव्वदीच्या खालीं आली आणि तेथून वर येईना.

कारण नव्हतें असें त्याला वाटत होतें. वस्तुतः एक अगदीं क्षुद्र कारण होतें. त्याला कोणी बिनतारी इअरफोन भेट दिले होते. बिनतारी मार्गानें ध्वनि कानापर्यंत येण्यास पुष्कळदां सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक वेळ लागतो. चित्रपट पाहतांना यंत्र चित्रालाही तेवढेंच मागें ठेवतें, त्यामुळें हा विलंब ध्यानांत येत नाहीं. या खेळांत मात्र पूर्ण गुणांची मुदत बहुधा आघाताच्या अलीकडे-पलीकडे तीन-चार शतांश सेकंदांची असते. डोळा एक वेळ सांगतो, कान दुसरी सांगतो, आणि बोट बिचारें दोघांच्या मध्यें लटकतें. जुने तारेचे इअरफोन परत जोडले तेव्हां हा दोष गेला. पण हात परत आला नाहीं, आणि आमची खरी जिज्ञासा येथूनच सुरू झाली.

येथें आमचा अपराध कबूल केला पाहिजे. आम्हीं प्राध्यापकी थाटांत त्याला सांगितलें, "अभ्यास वाढव." त्यानें तो वाढविला, रोज चार-चार तास तीं तींच गाणीं, तेच कठीण तुकडे, आणि प्रत्येक आघातानंतर आंकड्याकडे नजर. शेंकडेवारी आणखी उतरली. गणेशचतुर्थीच्या रात्रीं आरतीस सारे जमले असतां तो मागच्या ओटीवर जाऊन बसला. हांक मारली तर म्हणाला, "काका, माझा हात गेला. मी नाहीं वाजवणार." खेळांतील घसरण खेळापुरती असती तर आम्हीं ती मनावर घेतली नसती, परंतु दहा वर्षें ज्या हातांनीं झांज वाजविली, ते हात एका आंकड्यानें खोटे ठरविले, हें आमच्यानें पाहवेना.

अभ्यास करतां करतां प्रगति थांबावी ही गोष्ट शास्त्राला नवी नाहीं. ब्रायन व हार्टर या अमेरिकन संशोधकांनीं १८९७ व १८९९ सालच्या आपल्या निबंधांत तारायंत्रावर काम शिकणाऱ्यांचे आलेख दिले आहेत. शिकाऊ तारमास्तर संदेश ऐकून घेण्यांत कांहीं काळ चढतो, मग कित्येक आठवडे एकाच पातळीवर राहतो, आणि सुट्या अक्षरांऐवजीं शब्द व वाक्यखंड ऐकूं लागला कीं पुन्हां चढतो, असें त्यांचें प्रतिपादन होतें. तारेचें कडकट्ट हें या खेळाचें जवळचें नातलगच म्हणावें. परंतु थांबणें निराळें आणि घसरणें निराळें. घसरणीवर अधिक प्रकाश मास्टर्स यांच्या १९९२ सालच्या गोल्फविषयक प्रयोगानें पडतो. चेंडू खड्ड्यांत कसा ढकलावा याचे नियम ज्यांना पढविले होते त्यांचा हात दडपणाखालीं अडखळला. ज्यांना नियम न सांगतां शिकूं दिलें होतें त्यांचा तसा अडखळला नाहीं. हात जें काम न विचारतां करतो, त्यांत बुद्धीनें पंतोजीपणानें लक्ष घातलें कीं तें काम बिघडतें. आमचा पुतण्या प्रत्येक बोटाला जाब विचारूं लागला होता, आणि 'अभ्यास वाढव' म्हणून आम्हीं त्या पंतोजीच्या हातीं छडी दिली.

आतां खेळाच्या रूपाकडे वळूं. कारण या घसरणीचा अर्धा दोष आम्ही त्या रूपाला देतों. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकरां'त लयीची व्याख्या करतांना आघाताला लय म्हटलें नाहीं. एका क्रियेनंतर जी विश्रांति असते तिला लय म्हटलें आहे. विलंबित, मध्य, द्रुत हे त्या विश्रांतीचे भेद. 'ओसू!' मोजतो तो केवळ आघात. दोन आघातांमधली जागा त्याच्या लेखीं रिकामी आहे, आणि घाबरलेला खेळाडू ती रिकामी समजूनच तिच्यावरून उडी मारतो. टाळीबरोबर बोट आपटावयास सांगितलें तर बहुतेक माणसांचें बोट मुळांतच टाळीच्या किंचित् आधीं पडतें, असें प्रयोगांत वारंवार आढळलें आहे. म्हणजे आपण ताल ऐकून वाजवीत नसतों, त्याची वाट पाहून वाजवितों. वाट पाहण्याचा हा धीर सुटला कीं लय सुटलीच.

दुसरा दोष याहून मोठा आहे. आपला ताल वर्तुळाकार आहे. मृदंगवाला एखादी मात्रा चुकला तरी सम पुन्हां येणार असते. तेथें त्यानें पाऊल टेकलें कीं मागची चूक पोटांत घातली जाते. खेळाची सांखळी मात्र सरळ रेषेंत जाते. तीत तुटणें आहे, परतणें नाहीं. चूक जितकी उशिरा होईल तितकी महाग, म्हणून गाणें जसजसें पुढें जातें तसतशी भीति वाढते. ही रचना संगीताची नव्हे, सावकाराच्या वहीची आहे. दुसरीकडे १९९६ सालच्या 'पारप्पा द रॅपर' या जपानी खेळांत दिलेल्या ओळींत खेळाडूनें स्वतःची भर घातली तर गुण अधिक मिळतात. तो खेळ दिसावयास पोरकट आहे, पण लयीच्या बाबतींत आम्हांला तो अधिक समंजस वाटतो.

इतकें सांगून 'ओसू!'ला आम्हीं मोडींत काढलें असतें, पण तसें करणें अन्यायाचें झालें असतें. कारण उपायही त्याच्याच पोटांत सांपडला. ओटीवर बसलेल्या पोराजवळ आमचे वृद्ध मृदंगिये येऊन टेकले. त्यांनीं खेळ पाहिला, दोन गाणीं ऐकलीं, आणि पडद्यावर गोलांबरोबर सरकणाऱ्या बारीक उभ्या रेघांकडे बोट करून विचारलें, "ह्या कसल्या?" पोराला सांगतां येईना, वर्षभरांत त्यानें त्यांकडे पाहिलेंच नव्हतें. त्या रेघा गाण्याच्या मात्रागटांच्या आरंभाच्या खुणा होत्या. "मग हीच तुझी सम," म्हातारा म्हणाला. "चुकलास तर चुकलास. फुडची कुठं पळाली?"

त्यानंतर पोरानें जें केलें तें फारसें नाट्यमय नाहीं. आठ दिवस खेळ बंद. मग आंकडे झांकून ठेवण्याची जी सोय खेळांत आहे ती वापरून सोपीं गाणीं, आणि चुकल्यावर हातचें गाणें टाकून पुन्हां आरंभापासून न लावतां पुढच्या रेघेवर उतरणें. लय पाऊणपट करण्याचीही सोय आहे. परंतु ती नेहमींच सोपी पडते असें नाहीं. ठाय लयीला धीर अधिक लागतो, हें आमच्या गवयांना ठाऊक होतेंच. सिमोन बाइल्स या अमेरिकन कसरतपटूची येथें आठवण होते. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें हवेंत गिरकी घेतांना तिला आपल्या देहाचें भान राहीना; तिनें सांघिक अंतिम स्पर्धेंतून अंग काढून घेतलें, आणि पुढें तुळईवरील स्पर्धेंत शेवटच्या उडींतून गिरकी वगळून कांस्यपदक मिळविलें. गेलेलें सारें एकदम मागण्यापेक्षां जें उरलें आहे त्यावर तिनें उभें राहून दाखविलें.

अनंतचतुर्दशीच्या आरतीला पोरगा झांजा घेऊन बसला. मध्यें एकदां त्याचा हात चुकला, तें आम्हीं ऐकलें. दोन टाळ्या त्यानें सोडून दिल्या आणि पुढच्या ओळीवर तो परत मिसळला. म्हाताऱ्यानें मृदंगावरून मानही वर केली नाहीं. दिवाळीस आम्ही पुन्हां नाट्याला गेलों तेव्हां त्याची शेंकडेवारी पंचाण्णवच्या आसपास होती. सत्त्याण्णव केव्हां होणार, असें आम्हीं विचारलें, तर तो म्हणाला कीं आठवडाभर आंकडा उघडलेलाच नाहीं. ते बिनतारी इअरफोन मात्र आमच्या वहिनी भाजी निवडतांना नाट्यगीतें ऐकण्यासाठीं वापरतात, आणि त्यांना त्यांत कांहींच उशीर जाणवत नाहीं.