वही आणि गाथा : इंद्रायणीकाठच्या श्रोतृसमूहाचा अभिप्राय

ग्रंथाविषयीचे मत वाचकांनी एकमेकांस कळवावे, त्याची देवघेव व्हावी व त्यातून अभिरुचीचे एक वर्तुळ तयार व्हावे, ही प्रक्रिया मराठीत मुद्रणकलेबरोबर आली, असा समज सामान्यतः रूढ आहे. नियतकालिके, त्यांतील ग्रंथपरीक्षणे, सार्वजनिक वाचनालये आणि वाचकांची पत्रे ही तिची ठळक साधने मानली जातात. हा समज सर्वथा चुकीचा नाही; पण तो अपुरा आहे. वाचकसमूह मुद्रणापूर्वीही होते. त्यांची मते निबंधरूपाने उरली नाहीत एवढेच. ती अन्य रूपाने उरली असून, ते रूप ओळखता न आल्यामुळे मराठी समीक्षेने आपल्या इतिहासाचा एक भाग पाठचिकित्सेच्या अडगळीत टाकला आहे. मावळातील तुकारामगाथेच्या वह्या हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

लोणावळ्यानजीक कुरवंडे येथे इंद्रायणीचा उगम होतो. तेथून ती मावळ ओलांडून देहूस येते. तिच्या खोऱ्यात, काही कोसांच्या टापूत, तुकोबांचे चिंतनस्थान असलेला भंडारा डोंगर, संताजी जगनाडे यांची समाधी असलेले सुदुंबरे, आणि ज्याच्या प्रतीचा गाथेच्या संपादनात उपयोग झाला ते तळेगाव, ही सर्व स्थळे येतात. सतराव्या शतकात याच टापूत तुकोबांचा पहिला श्रोतृवर्ग उभा राहिला.

प्रश्नाचे स्वरूप तीन संख्यांवरून स्पष्ट होते. संताजींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्यांत अभंगसंख्या सुमारे तेराशे आहे. 1869 व 1873 या वर्षी दोन खंडांत इंदुप्रकाश छापखान्यातून प्रसिद्ध झालेल्या सरकारी गाथेत ती साडेचार हजारांच्या वर जाते. तुकाराम तात्या पडवळ यांच्या 1889 च्या आवृत्तीत ती आठ हजारांहून अधिक आहे. या तिहींपैकी खरा तुकाराम किती, हा प्रश्न संशोधकांनी वारंवार विचारला, आणि तो विचारणे आवश्यकही होते. परंतु याच संख्यांना दुसराही प्रश्न विचारता येतो : हे अभंग कोणी, कशासाठी जपले? या दृष्टीने पाहिल्यास तीन संख्या म्हणजे एका कवीविषयी तीन वाचकसमूहांनी दिलेले तीन अभिप्राय ठरतात.

पहिल्या समूहाची घडण लक्षात घेतली म्हणजे या विधानाचा अर्थ उलगडेल. कीर्तनात अभंग एकट्याने वाचला जात नाही. एकाने म्हणावे, टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावे आणि जे उचलले गेले ते समूहाच्या कंठात राहावे, अशी ती रीत आहे. ध्रुपद कोणत्या तडफेने उचलले जाते, कोणता अभंग पुन्हा म्हणावयास लावला जातो, कोणता विसरला जातो, हाच तेथला अभिप्राय. तो शब्दांत मांडला जात नाही; पण त्याचा परिणाम टिकाऊ असतो. ज्यास लिहिता येत होते त्याने पुढची पायरी गाठली आणि वही केली. परंपरेने तुकोबांचे लेखक म्हणून दोन नावे सांगितली आहेत : चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ. एक तेली, दुसरा ब्राह्मण. कागद, शाई आणि दिवसभराच्या धंद्यातून काढलेला वेळ खर्च करून केलेली नक्कल ही केवळ लेखनिकाची सेवा नव्हे. जे लिहून घ्यावेसे वाटते ते जपण्याजोगे आहे, असा निर्णय तीत अनुस्यूत असतो.

हा समूह एकमताचा होता असे मात्र नाही. वाघोलीच्या रामेश्वर भटांचा विरोध आणि त्यातून वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याची कथा सर्वश्रुत आहे. चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. वह्या बुडविणे हाही एक अभिप्रायच होता, आणि अभिप्राय म्हणून तो अत्यंत कठोर होता. विरोध वहीवर रोखला गेला, याचाच अर्थ वहीचे सामर्थ्य विरोधकांनी ओळखले होते. अभंग लोकांच्या मुखी असल्यामुळे तरले, अशी उपपत्ती पुढे मांडली गेली. ती स्वीकारल्यास प्रतिकूल मतास उत्तर दिले ते श्रोत्यांच्या स्मरणाने, असे म्हणावे लागते. तेच रामेश्वर भट पुढे तुकोबांचे अनुयायी झाले, आणि तुकोबांची आरती त्यांच्या नावावर सांगितली जाते. मत पालटल्याची ही नोंदही समीक्षेच्या इतिहासातच जमा व्हावयास हवी.

या वर्तुळाचा पल्ला मावळापुरता नव्हता, हे बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनावरून दिसते. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांची पदे त्यांच्या कानी पडली. कवीस पाहण्यापूर्वी त्यांनी कवितेस पाहिले, आणि पुढे त्या देहूस आल्या. तेथे मंबाजींकडून झालेला छळही त्यांनी नोंदविला आहे. ऐकलेल्या कवितेने आपल्या जीवनात काय घडविले, हे एका स्त्रीने स्वतःच्या अभंगांत सांगावे, याहून प्रांजळ अभिप्राय त्या काळच्या मराठीत क्वचितच आढळेल.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, कडूस, तळेगाव व पंढरपूर येथील प्रती मिळवून, मुंबई सरकारच्या साहाय्याने गाथा सिद्ध केली. मराठी पाठसंपादनातील हे महत्कार्य होय. परंतु मुद्रित ग्रंथ एकसंध असतो. निरनिराळ्या गावच्या प्रती त्यात एकवटल्या की कोणत्या गावाने काय जपले होते, हे सामान्य वाचकाच्या नजरेआड जाते. विनायक लक्ष्मण भावे यांनी 1919–20 मध्ये संताजींच्या वह्यांवरून जी गाथा प्रसिद्ध केली, तिचे नावच ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ असे होते. ‘अस्सल’ या शब्दात भाव्यांच्या प्रयत्नाचे बळ आहे, तशीच त्याची मर्यादाही. वही कवीच्या अधिकाधिक जवळ जाण्याची वाट ठरली. ज्याने ती लिहिली तो मात्र केवळ साक्षीदार उरला. ज्या भाव्यांनी 1893 मध्ये ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, म्हणजे वाचकांस एकत्र आणण्याचे महत्त्व ज्यांनी प्रत्यक्ष कृतीने मान्य केले, त्यांनाही संताजी हा वाचक म्हणून दिसला नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. वहीत अभंग नाही म्हणजे तो नापसंत होता, असे कसे म्हणावे? पाने गहाळ होतात, वाळवी लागते, लेखक आजारी पडतो. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. अभावावरून अभिप्राय काढणे धोक्याचे आहे. परंतु उपस्थितीवरून तो काढता येतो. एकमेकांपासून स्वतंत्रपणे झालेल्या अनेक प्रतींत जे अभंग सातत्याने येतात, त्यांस समूहाची मान्यता होती असे अनुमान सयुक्तिक ठरते. एका प्रतीत कोणते अभंग एकमेकांशेजारी ठेवले आहेत, यावरून लिहिणाऱ्याने त्यांत कोणते नाते पाहिले तेही कळू शकते. शब्द बदलला असेल, तर तो कानाच्या चुकीने बदलला की अर्थ सोपा करण्यासाठी, हेही अनेक ठिकाणी ठरविता येते. कर्तृत्वाचा प्रश्न आणि ग्रहणाचा प्रश्न हे वेगळे आहेत. पहिल्याच्या दृष्टीने जो अपपाठ, तो दुसऱ्याच्या दृष्टीने पुरावा असू शकतो. पडवळांच्या आवृत्तीतील वाढीव अभंगांनाही हाच न्याय लागू आहे. ते तुकोबांचे नसतील. पण ते तुकोबांचे वाटावेत इतका त्यांचा सूर ज्यांनी आत्मसात केला, त्यांच्या वाचनाची साक्ष ते देतात.

सदानंद मोरे यांच्या ‘तुकारामदर्शन’ (1996) या ग्रंथाने तुकोबांच्या ग्रहणाचा इतिहास विस्ताराने मांडला आहे. तीच दृष्टी आता हस्तलिखितांच्या पानांपर्यंत नेण्याची गरज आहे. हा केवळ पद्धतीचा प्रश्न नव्हे. ज्या समाजात मत देण्याचा अधिकार जातीने व शास्त्राने ठरत होता, तेथे एका तेल्याने वही करणे ही साहित्यावर निर्णय देण्याची कृती होती. ती कृती ‘लेखनिकाचे प्रमाद’ या सदराखाली गेली, तर ज्यांना निबंध लिहिणे शक्य नव्हते त्यांचे एकमेव समीक्षालेखन आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो.

आजही भंडारा डोंगरावर माघ शुद्ध दशमीच्या सोहळ्यात गाथेचे पारायण होते. छापील गाथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. प्रत्येक अभंगास त्यात समान स्थान मिळते. पण निवडीचा अधिकार मुद्रित संहितेकडे गेलेला असतो. उलट, आजच्या वाचकवर्तुळांत निवड व पसंती मुबलक आहे. मत क्षणात दिले जाते आणि क्षणात विसरले जाते. मत देणाऱ्यास ग्रंथातील एक ओळही जवळ बाळगावी लागत नाही. इंद्रायणीकाठच्या वहीत निवड आणि जपणूक या दोन गोष्टी एकत्र होत्या. आवडले ते लिहून घ्यावे लागे, आणि लिहिले ते सांभाळावे लागे. प्रत्येक प्रतीची निवड, तिचा क्रम आणि तिचे लेखन स्वतंत्रपणे दाखविणारी गाथेची आवृत्ती सिद्ध झाली, तर तुकोबांबरोबर त्यांचे पहिले वाचकही मराठीच्या अभ्यासकांस प्रथमच नीट भेटतील.