कचऱ्याच्या ढिगावर फॅशन

स्टेला मॅकार्टनीच्या २०१७च्या हिवाळी संग्रहाची जाहिरात स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका कचरा डेपोत चित्रित झाली. हार्ली वीअरच्या या छायाचित्रांत एक मॉडेल गंजलेल्या मोटारीच्या टपावर आडवी झाली आहे, दुसरी घरगुती कचऱ्यात पहुडली आहे. अतिउपभोगाकडे लक्ष वेधायचं, असा जाहीर हेतू. पण पाहताना नजर थांबते ती कपड्यांवरच. भोवतीचा कचरा रंगसंगती साधायला निवडून मांडल्यासारखा वाटतो. चामडं आणि फर न वापरण्याचं पथ्य पाळणाऱ्या या ब्रँडच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती या कलाप्रकाराबद्दल. वस्तू हवीहवीशी करणं हे फॅशन छायाचित्रणाचं काम. कॅमेरा उकिरड्यासमोर नेला तरी ती खोड सुटत नाही, आणि मग उकिरडाही देखणा होतो.

त्यामानाने छायाचित्रकार स्टीव्हन मायझेलची ऑगस्ट २०१०च्या ‘व्होग इटालिया’तली मालिका मला अधिक सरळ वाटते. मेक्सिकोच्या आखातात एप्रिलमध्ये बीपीची तेलविहीर फुटली होती. मायझेलने मॉडेल क्रिस्टन मॅकमेनमीला तेलात माखलेल्या समुद्रपक्ष्यासारखं खडकांवर लोळवलं. संकटाचं भांडवल केलं म्हणून टीका झाली, ती अगदीच चुकीची नव्हती. तरी तिथे निदान कपडाही बरबटला होता. पाहणाऱ्याला दुकानाची वाट धरावीशी वाटेल असं त्या चित्रांत फारसं उरलं नव्हतं.

अशा छायाचित्रांकडे पाहताना मी आधी खालची बारीक अक्षरं वाचतो. ही सवय लावली ‘व्होग इंडिया’ने. ऑगस्ट २००८च्या अंकात गावातल्या एका लहान मुलाच्या गळ्यात फेंडीचं लाळेरं होतं आणि एका गरीब म्हाताऱ्याच्या हातात बर्बेरीची छत्री. ब्रँडची नावं छापली होती, माणसांची नव्हती. कचऱ्यावरच्या फॅशनचंही बहुतेक वेळा हेच होतं: बॅग कुणाची ते कळतं, ढीग कुणाचा ते कळत नाही.

फाब्रिस मोंतेरोच्या ‘द प्रॉफेसी’त ढिगाला निदान ठावठिकाणा आहे. डाकारमध्ये राहणाऱ्या या बेल्जियन-बेनिनी छायाचित्रकाराने २०१३ मध्ये सेनेगलचा डिझायनर डूल्सीला हाताशी धरून ही मालिका सुरू केली. एम्बेउबेउस हा डाकारचा अवाढव्य कचरा डेपो. तिथल्या धुरातून एक प्रचंड आकृती वर येते आणि तिचा घेर त्याच कचऱ्याचा आहे. तिथल्या लोकश्रद्धेतले जिन्न माणसांना बजावायला आले आहेत, अशी कल्पना. रचना फॅशनचीच आहे: उंच मॉडेल, नाट्यमय पोझ, पायघोळ वस्त्र. मात्र विकायला काहीच नाही. मालिकेत पुढे पुढे कल्पनेची पुनरावृत्ती जाणवते, पण पहिली काही चित्रं विसरता येत नाहीत.

या सगळ्यात महत्त्वाचं काम मला वाटतं ते चिलीतल्या अटाकामाचं. इक्विकेच्या मुक्त बंदरात जगभरचे वापरलेले आणि न खपलेले कपडे उतरतात. २०२१ मध्ये आलेला आकडा वर्षाला सुमारे ५९,००० टनांचा होता. त्यातले ३९,००० टनांपर्यंत कपडे कुणीच घेत नाही. कृत्रिम धागा कुजत नाही म्हणून अधिकृत कचरा डेपो ते स्वीकारत नाहीत, आणि माल आल्तो ओस्पिसिओजवळच्या वाळवंटात जाऊन पडतो. जून २०२२ मध्ये तिथला मोठा ढीग पेटला. एप्रिल २०२४ मध्ये ‘देसिएर्तो वेस्तिदो’ ही स्थानिक संस्था, फॅशन रिव्होल्यूशनची ब्राझील शाखा आणि आर्टप्लान ही जाहिरातसंस्था यांनी त्या ढिगांमध्येच ‘अटाकामा फॅशन वीक’ भरवला. स्टायलिस्ट माया रामोसने कपडे तिथूनच उचलले, मॉडेल परिसरातल्याच होत्या, छायाचित्रं माउरिसिओ नाहासची. इथे कचरा पार्श्वभूमीला नाही, अंगावर आहे; आणि तो जिच्या गावात टाकला गेला तीच तो घालून उभी आहे. पुढच्या वर्षी असेच कपडे शून्य किमतीला, फक्त पाठवणीचा खर्च घेऊन, इंटरनेटवर ठेवले गेले. एवढी नेमकी कल्पना जाहिरातसंस्थेच्या टेबलावरून यावी हे मला थोडं खुपतं. खुपलं तरी काम चोख आहे.

शूटिंगच्या स्वतःच्या कचऱ्याबद्दल मात्र हे क्षेत्र सहसा गप्प असतं. अपवाद पुन्हा ‘व्होग इटालिया’चा. जानेवारी २०२०चा अंक त्यांनी फॅशन शूटिंगशिवाय, चित्रकारांच्या चित्रांवर काढला. संपादक एमानुएले फार्नेती यांनी आधीच्या सप्टेंबर अंकाचा हिशेबच मांडला: १५० माणसं, सुमारे २० विमानफेऱ्या, दिमतीला ४० गाड्या, ६० आंतरराष्ट्रीय पार्सलं. एकाच अंकापुरता का होईना, कॅमेरा बंद ठेवण्याइतकी परखड टीका या कलेवर बाहेरच्या कुणी केलेली मला आठवत नाही.

भारतात येणाऱ्या जुन्या कपड्यांची मोठी पेठ पानिपत. तिथे लोकरी कपडे फाडून, बटणं आणि चेन काढून, रंगांप्रमाणे ढीग लावून पुन्हा सूत काढतात आणि त्यातून स्वस्त ब्लँकेटं विणतात. मेघना गुप्ताच्या ‘अनरॅव्हल’ (२०१२) या लघुपटात तिथल्या कामगार बायका हे कपडे हाताळत तर्क लढवतात: परदेशात पाणी फार महाग असणार, म्हणून लोक धुण्याऐवजी टाकून देतात. फॅशनच्या चौकटीत असा आवाज मला अजून भेटलेला नाही. ‘आय वॉज अ सारी’ या मुंबईच्या ब्रँडने वापरलेल्या साड्यांपासून कपडे करून २०१९ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमधली पहिली सर्क्युलर डिझाइन चॅलेंज जिंकली, म्हणजे रॅम्पचं दार उघडलं आहे. आता कुणीतरी भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीला शूटिंगसाठी कपडे निवडू द्यावेत आणि खालच्या बारीक अक्षरांत स्टायलिस्ट म्हणून तिचं नाव छापावं. पदर किती विरलाय, जर खरी की खोटी, कुठल्या साडीला अजून गिऱ्हाईक आहे, हे ती दारात उभ्या उभ्या सांगते.