पंचवीस वर्षांनंतरच्या दहा ओळी

महाविद्यालय सोडून पंचवीस वर्षे झाली की स्नेहमेळावा भरतो आणि त्या निमित्ताने एक स्मरणिका निघते. तिच्यासाठी प्रत्येकाकडून माहिती मागवली जाते. नाव, हुद्दा, पतीचे वा पत्नीचे नाव, मुले काय करतात, आणि शेवटी ‘आपल्याविषयी थोडक्यात’. या ‘थोडक्यात’साठी दहा ओळींची जागा सोडलेली असते. अशा स्मरणिका गावोगाव निघतात, वाटल्या जातात आणि कपाटात जातात. त्यांना कोणी साहित्य म्हणत नाही, मीही म्हणत नव्हतो. परंतु शिकलासवरलेला माणूस ऐन मध्यवयात स्वतःविषयी जे काही स्वतःच्या हाताने लिहितो, ते बहुतेक वेळा एवढेच असते. तेव्हा समीक्षेने त्याकडे एकदा नीट पाहायला हरकत नसावी.

या दहा ओळींवर एक आख्खी कादंबरी उभी आहे. अमेरिकन लेखक जे. पी. मार्क्वांड यांची ‘एच. एम. पुल्हॅम, एस्क्वायर’ ही कादंबरी १९४१ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी किंग विडोर यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. हार्वर्ड विद्यापीठात प्रत्येक तुकडीचा अहवाल दर पाच वर्षांनी काढण्याची जुनी प्रथा आहे. माजी विद्यार्थी त्यात आपापल्या आयुष्याची हकीकत लिहितात. लाल बांधणीमुळे त्याला ‘रेड बुक’ म्हणतात. मार्क्वांडचा नायक हॅरी पुल्हॅम हा १९१५ च्या तुकडीचा. पंचविसाव्या वर्षाच्या मेळाव्यासाठी बो-जो ब्राउन नावाचा जुना वर्गमित्र त्याच्या गळ्यात हे काम घालतो : सर्वांच्या हकीकती गोळा कर. हॅरी इतरांचे कागद वाचू लागतो. सगळे एकाच साच्यातले. धंदा ठीक, बायको चांगली, मुले शाळेत, तक्रार काही नाही. मग त्याच्या लक्षात येते की आपलीही हकीकत द्यायची आहे. तो लिहायला बसतो आणि कागदावर न येणारे सगळे त्याला आठवत जाते.

आठवते ते असे. पहिल्या महायुद्धाहून परतल्यावर हॅरी न्यूयॉर्कच्या एका जाहिरात संस्थेत नोकरी धरतो. तिथे मार्विन माइल्स नावाची कर्तबगार मुलगी त्याला भेटते आणि तो पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने जगतो. वडिलांचे निधन होते. तो बॉस्टनला घरी येतो आणि घरचाच होऊन जातो. आपल्याच वर्तुळातल्या के मोटफर्डशी लग्न करतो. पुढे बिल किंग हा त्याचा जिवलग मित्र आणि के यांच्यात जे घडते ते वाचकाला दिसते, हॅरीला कधीच दिसत नाही. कादंबरीच्या शेवटी तो आपली हकीकत पुरी करतो, आणि तीही त्याच साच्यातली असते.

मार्क्वांडचे मोठेपण मला असे वाटते की तो या साच्याची टिंगल करत नाही. स्वतः तो १९१५ च्याच तुकडीचा होता, शिष्यवृत्तीवर शिकलेला, श्रीमंत मुलांच्या मंडळांबाहेर राहिलेला. सूड घ्यायला त्याला जागा होती. त्याने तो घेतला नाही. हॅरीच्या दहा ओळींत दोन प्रकारचे मौन आहे. मार्विनविषयी त्याला ठाऊक आहे आणि तो लिहीत नाही. केविषयी त्याला ठाऊकच नाही, म्हणून लिहीत नाही. ही दोन मौने एका गुळगुळीत वाक्याखाली शेजारी शेजारी ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. मधला भाग रेंगाळतो, शाळेची प्रकरणे तर मी भरभर उलटली, पण शेवटच्या पानांसाठी ते सारे माफ करावे.

त्याच विद्यापीठातल्या एका प्रदीर्घ अभ्यासाने ही गोष्ट आकड्यांत दाखवली आहे. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या ‘ग्रँट स्टडी’मध्ये हार्वर्डच्या २६८ विद्यार्थ्यांची आयुष्ये वर्षानुवर्षे नोंदवली गेली. त्यांपैकी दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांना १९४६ साली विचारले तेव्हा ३४ टक्के म्हणाले की आपण शत्रूच्या माऱ्याखाली सापडलो होतो, आणि २५ टक्के म्हणाले की आपल्या हातून शत्रूचा माणूस मारला गेला. १९८८ साली हेच विचारले, तर पहिला आकडा ४० वर गेला होता आणि दुसरा सुमारे १४ वर आला होता. माणसे तीच, युद्ध तेच. बेचाळीस वर्षांत मार जास्त खाल्ला गेला आणि खून कमी झाले. आपल्याकडे लहानपणापासून सांगितले जाते की दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसून आमालनामा लिहितात. तो आपल्या हाती दिलेला नाही, यामागचे शहाणपण हे आकडे वाचताना मला जाणवले.

आता मार्क्वांडवरचा माझा आक्षेप. हॅरीच्या मौनाची किंमत फार तर एक प्रेम आहे. तो बॉस्टनला परततो, कारण तिथे वडिलांचे घर उभे आहे. पत्ता बदलत नाही, आडनावाला कोणी काही विचारत नाही. माझ्यासमोर आमच्या तुकडीची स्मरणिका आहे. तिच्यात एका मुस्लिम वर्गमित्राने नोकरी, बढती आणि दोन मुलांचे शिक्षण यांच्या मध्ये एक ओळ लिहिली आहे : ‘१९९३ पासून मुंब्रा येथे वास्तव्य.’ बस, एवढेच. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मारली गेल्याचे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. त्यानंतर किती कुटुंबांनी जुनी वस्ती सोडून मुंब्र्याची वाट धरली, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. त्या मित्राने ‘पासून’ हा एक शब्द लिहिला आणि पुढे गेला. बाकीच्यांनी तो घर घेतल्याच्या आनंदासारखा वाचला असणार. हॅरी पुल्हॅमच्या तीनचारशे पानांत या ‘पासून’एवढा भार मला सापडला नाही.

(याच स्मरणिकेत आमच्या एका मरहूम मित्राच्या नावामागे ‘कै.’ लावले आहे. त्याला कैलासाला धाडण्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. छापखान्यात तेवढाच खिळा असावा.)

हा ‘पासून’ उलगडणे हे आपल्या लेखकांचे काम होते, आणि इथे मला आपल्याच घरात बोट दाखवावे लागते. माझ्या वाचनात आलेल्या मुस्लिम मराठी कथा-कादंबऱ्या आणि आत्मकथने बहुतेक दोन ठिकाणी थांबतात. एक, बालपणीचा मोहल्ला, दारिद्र्य, उर्दू की मराठी शाळा हा झगडा. दोन, पदवी आणि पहिली नोकरी. तिथे अब्बांच्या डोळ्यांत पाणी येते आणि पुस्तक संपते. याचे कारण कळण्यासारखे आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर वा पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी होते. जिथे पदवी हीच अपूर्वाई, तिथे गोष्ट पदवीपाशी संपणारच. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’चा (१९६५) नायक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी परततो आणि गाव त्याच्या डोळ्यांदेखत पेटते. गावाकडे परतणे आपल्याकडे अशा ताकदीने लिहिले गेले. वर्गाकडे परतणे लिहिले गेले नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा विशी-तिशीत असलेले लेखक आज पन्नाशी-साठी ओलांडून बसले आहेत. कचेरीत डबा खाताना कोण शेजारी बसले, बढती कोणत्या कारणाने अडली, भाड्याचे घर नाव ऐकून कसे हुकले, आणि उलट बाजूने आपणच मोहल्ल्यातल्या गरीब नातेवाइकांना कसे टाळू लागलो, ही पंचवीस वर्षे त्यांच्या कपाटात पडून आहेत. शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड. जुलूम लिहिणे त्यामानाने सोपे असते.

भीती कशाची, तीही सांगतो. मेरी मॅकार्थी यांची ‘द ग्रुप’ (१९६३) ही कादंबरी व्हॅसर या त्या काळच्या मुलींच्या महाविद्यालयातून १९३३ साली बाहेर पडलेल्या आठ मैत्रिणींची आहे. एकीच्या लग्नाने ती सुरू होते आणि १९४० मध्ये तिच्याच अंत्यविधीपाशी संपते. म्हणजे मध्यवयापर्यंत ती पोचतच नाही, पण लिहिली मात्र मध्यवयात. मॅकार्थी स्वतः त्याच तुकडीच्या. पुस्तक आले तेव्हा वर्गभगिनींनी स्वतःला ओळखले आणि त्या दुखावल्या. आपला मोहल्ला तर व्हॅसरहून लहान. इथे पात्राचे नाव बदलले तरी गल्ली ओळखते, आणि वर ‘समाजाची बदनामी’ हा शब्द तयारच असतो. ही अडचण मी हलकी मानत नाही. मात्र मॅकार्थींनी जी किंमत मोजली तिच्यामुळेच एरवी विवाहवार्तेत आणि मृत्युवार्तेत आटोपल्या असत्या अशा स्त्रियांची रोजची आयुष्ये वाचकांपर्यंत आली.

आमच्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर ‘ज्यांचे पत्ते मिळू शकले नाहीत’ अशी यादी आहे. सहा नावे, त्यांत चार आमच्या मुस्लिम वर्गभगिनींची, सगळी माहेरच्या आडनावाने. त्यांतली एक प्रथम वर्गात पास झाली होती आणि निकाल लागण्याआधीच तिचा निकाह झाला होता. ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. संध्याकाळी मुलीला शिकवणीला सोडायला जाते, कधी वाटेत दिसली तर सलाम होतो. पत्ता विचारायला तिच्याकडे कोणी गेले नव्हते. मीही गेलो नाही.